तांब्याची उलटी झूल

मी झूल बोलतेय. बैलाच्या पाठीवरची. नाकाला रुमाल लावू नका. विलायतेतली एक बाई माझ्या जिवावर मोठी झालीय.

जालना जिल्हा नवा नवा झाला, त्याच सुमाराला भोकरदनच्या द्वारकाबाईनं मला शिवलं. वरून आरसे, मोर, कवड्या. आतून गाठी, लोंबते दोरे आणि नवऱ्याच्या, कडूबाच्या, जुन्या बंडीचं ठिगळ. माणसाचंही असंच असतं म्हणा. वरून मोर, आतून बंडी.

कडूबाच्या पाचवीलाच घाई पुजलेली. माझ्या पहिल्याच पोळ्याला वेशीवर डफडं वाजायला लागलं अन् त्यानं मला तांब्या बैलावर उलटं फेकलं. आरसे पाठीला टोचले, तांब्या थुईथुई नाचत निघाला. मला तर हसू आवरेना. तोरणाखाली सारा गाव खिदळला, "कडूबा, बैल झोपेतून उठून आल्ता का रं?" द्वारकाबाईनं तोंडात पदर कोंबला. शिवणाऱ्या बायांत तिचं नाव होतं. ते आज गाठींसकट उघडं पडलं.

टाळ्या वाजवल्या एकटीनंच. डॅफ्नीबाईनं. इंग्लंडात कपड्यांचे नवेनवे घाट काढणारी, अजिंठा बघून जीपनं फिरत आलेली. केस गुलाबी, पापण्या निळ्या, अंगात पडद्याएवढा झगा. तांब्याची शिंगं अन् बाईचे केस एकाच डब्यातून रंगवलेत, असं पोरं म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

जीपवाला गयासोद्दीन दारात येऊन म्हणाला, "मावशी, मॅडम झूल मागून राह्यल्या. हीच बाजू पाह्यजे म्हणतात."

"उलटी? घरातलं असं कुणी वेशीला टांगतं का? न्हाई म्हणून सांग तिला."

बाई ओट्यावर बसली. उठेचना. गयासोद्दीन तिचं बोलणं उलगडून सांगू लागला, "तिकडं लोक हिच्या कपड्यांना हसतात, मावशी. एकच डाव उरला. तो फसला तर दुकानाला कुलूप. म्हणती, सगळे शिवण लपवतात, मी उघडी दाखवीन."

"मंग लोक आणखीच हसतील."

"मी बोललो तिला. म्हणती, हसू द्या."

द्वारकाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं सुई पुढं केली. "झूल भेटायची न्हाई. शिकून घे म्हणावं. बराबर जमलं तरच ऊठ म्हणावं."

बाई लॉजवर राहिली. रोज यायची, बोटं टोचून घ्यायची. तिनं घातलेला टाका द्वारकाबाई उसवायची, ती पुन्हा घालायची. ठेच्यानं ती ढसाढसा रडली. उसवल्यावर मात्र एकदाही नाही.

एके दिवशी द्वारकाबाईनं टाका उसवला नाही, तेव्हा ती गेली. पुढचं गयासोद्दीननं आणलेल्या फोटोंत दिसलं. पोरींच्या अंगावर शिवणी बाहेर, गाठी बाहेर, ठिगळं मिरवतायत, कमरेला घुंगरू, केस शिंगांच्या रंगाचे! आधी लोक हसले म्हणे. मग तेच लोक दुकानापुढं रांगेत. पुढं बाईला मानाची पदकं मिळाली, केस मात्र गुलाबीच राहिले.

दोन हजार साल उलटल्यावर ती परत आली, द्वारकाबाईसाठी कोट घेऊन. वरून गाठीच गाठी. द्वारकाबाईनं नाक मुरडलं अन् सवयीनं कोट उलटा करून पाहिला. आत मोर! आरशांच्या जागी रेशमी टिकल्या, टोचू नयेत म्हणून. एकही दोरा लोंबत नव्हता.

"अगं बाई, सुलटी बाजू आत ठेवलीस? मंग दाखवायची कुणाला?"

डॅफ्नीबाईनं तेवढं मराठी जपून ठेवलं होतं. "जी घालती तिला."

द्वारकाबाईनं लुगड्यावर कोट चढवला. भर उन्हात. दिवस मावळेस्तोवर काढेचना.

आता तांब्या नाही, दारात ट्रॅक्टर आहे. यंदा पोळ्याला कडूबानं मला त्याच्या तोंडावर टाकलं, अन् तेही सुलटं. एवढ्या वर्षांनी त्याला एकदाची बाजू समजली! तेवढ्यात द्वारकाबाई काठी टेकत आली आणि तिनं मला स्वतःच्या हातानं उलटं केलं.

"लोक हसतील, द्वारके."

"हसू द्या."

तर हसा बापांनो, पोट धरून हसा. पण हसून झालं की एक डाव माझ्याखाली हात घाला, आतले मोर चाचपून बघा. अन् ट्रॅक्टर तापलेला असतो; हात भाजला तर माझ्या नावानं बोंबलू नका.