सैल टोपी

दंतवैद्य आपल्या बेस गिटारच्या आवाजाला ‘गंभीर’ म्हणत असत. रविवारी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंटच्या खुर्च्या भिंतीला सारून, तिघांची तालीम चाले. दादा, म्हणजे थोरले भाऊ, ड्रमवर, वहिनी गायला, आणि डॉक्टर बेसवर. गाणं सुरू होण्याआधी ते टोनचं बटण नाजूकपणे फिरवत आणि म्हणत, “ह्यात जरा उजेड आणतो.” मग डोळे मिटून मान डोलवत. उजेड आला, असं त्यांना खरोखर वाटे. माणसाने स्वतःवर इतकं प्रेम करू नये, पण डॉक्टरांना ते सहज जमायचं.

वहिनींनी एकदा भीत भीत विचारलं, “भावजी, तुम्ही ते बटण कितीही फिरवलंत तरी आवाज तोंडावर पांघरूण घेतल्यासारखाच येतो. बिघडलं तर नाही ना?”

“वहिनी, तुम्ही आधी तुमची पट्टी सांभाळा,” डॉक्टर म्हणाले. कारण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी वहिनींचा सूर हटकून घसरायचा. दोन वर्षं डॉक्टर तो दुरुस्त करत होते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगून झाल्या, सकाळचा रियाज सांगून झाला. वहिनी बिचाऱ्या सगळं करत.

पण बटणाचं मनात राहिलं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तिघांचा कार्यक्रम असे; त्याला तीन आठवडे होते. डॉक्टरांनी गिटार पेशंटच्या खुर्चीत आडवी केली, दिवा खाली ओढला, तोंडाला मास्कही लावला. मागचं झाकण उघडून आत बारीक आरशाने पाहिलं. “टोन कंट्रोल मुळापासून गेलाय,” त्यांनी निदान केलं आणि तीन वायरी उपटल्या. मग त्या परत कुठे लावायच्या ते आठवेना. अंदाजाने कथलाचा डाग द्यायला गेले, तर लाकडावरचं पॉलिश करपलं आणि गिटार पार मुकी झाली.

डॉक्टरांच्या सासूबाई दवाखान्यामागच्या घरात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. रेडिओच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी वायरी जोडायचंच काम केलं होतं. जावयाने विचारलं नाही, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. जळका वास आल्यावर मात्र उठल्या.

“सरका, जावईबापू.”

दहा मिनिटांत तिन्ही वायरी जागेवर बसल्या. मग त्यांनी गिटार उलटी केली आणि टोनचं बटण चिमटीत धरून वर ओढलं. ते अलगद हातात आलं. आतला दांडा जिथल्या तिथे, पार बंद बाजूला, म्हणून आवाज कायम दबलेला.

“बाजूचा स्क्रू सैल झालाय. नुसती टोपी फिरत होती. दात चांगला होता, कॅप हलत होती,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही रूट कॅनाल करायला निघालात.”

डॉक्टरांनी मास्क उतरवला आणि छोटा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी स्क्रू आवळला.

रविवारी गिटार लख्ख वाजली. बोटाचा प्रत्येक टोला वेगळा ऐकू येत होता. डॉक्टर खूश होऊन वाजवत होते, तोच दुसऱ्या कडव्याचा शेवट आला आणि त्यांच्याच गिटारमधून एक सूर चुकीचा, अर्ध्या सुराने खाली, ठणकन उमटला. वहिनींचा आवाज त्याच्यामागे घसरला.

दादा थांबले. सवयीने सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला. “फार टोचतोय आवाज,” असं पुटपुटत त्यांनी बटण पार बंद केलं. पुन्हा गाणं झालं. पुन्हा वहिनी घसरल्या.

“माझंच चुकतं,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “मी गुळण्या करतेय, पण काही होत नाही. कार्यक्रमात हे कडवं गाळू या का?”

डॉक्टरांचे कान तापले. जन्मभर दुसऱ्यांना ‘आ’ करायला लावलेल्या माणसाला स्वतःचं तोंड उघडायला जड गेलं. त्यांनी बटण पूर्ण उघडलं.

“वहिनी, गाऊ नका. दादा, तूही थांब. नुसतं ऐका.” आणि एकट्याने ते कडवं वाजवलं. शेवटचा सूर अर्ध्या सुराने खाली.

दादा म्हणाले, “अरेच्चा!”

“दोन वर्षं मी चुकतोय. तुम्ही माझ्या आधाराने गात होता आणि मी तुम्हाला खाली ओढत होतो. माफ करा.”

वहिनींनी विचारलं, “आणि त्या गुळण्या?”

“हिरड्यांना चांगल्या असतात,” डॉक्टर ओशाळून म्हणाले. तेव्हा कुठे वहिनी हसल्या, आणि मग त्यांना आवरेना.

पुढचे दोन आठवडे डॉक्टरांनी तो एकच सूर इतका घोटला की बायकोने कानात कापूस घातला. कार्यक्रमात तो बरोबर लागला, वहिनींचा सूर तर असा सरळ वर गेला की पहिल्या रांगेतले वाचक खुर्चीत पुढे सरकले. पुढच्या गाण्यात डॉक्टर भलत्याच जागी चुकले, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

नंतर ग्रंथपालबाई मुद्दाम भेटायला आल्या. “डॉक्टर, दोन वर्षं तुमचा कार्यक्रम ऐकतेय. तुम्ही नेमकं काय वाजवता, ते आज पहिल्यांदा कळलं.”

“मलासुद्धा,” डॉक्टर म्हणाले.