मीरासाबच्या टॅक्सीची तडकलेली काच

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, कपाटाची तर नव्हेच. मी मोटारीची पुढची काच. माझ्यासमोर बसून कुणी भांग पाडत नाही, तो मान आरशाचा. मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे माझ्यातून बघतात. काच जितकी चांगली तितकी ती कमी दिसते. आमच्या जातीचं हे दुःख आहे आणि खरं सांगायचं तर तोराही आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळली, तिच्या दोन पातळ काचा झाल्या आणि मध्ये चिकट, पारदर्शक पापुद्रा घालून त्या दाबून एक केल्या. म्हणून मार लागला तर मला तडा जातो, पण मी फुटून कुणाच्या अंगावर कोसळत नाही. कारखान्यात मला एका काळ्या मोटारीत बसवलं आणि ती मोटार कोल्हापूरच्या मीरासाबनं टॅक्सी म्हणून घेतली.

मीरासाब जोतिबाला जाणाऱ्या भाविकांची ने-आण करायचा. रोज सकाळी ओल्या वर्तमानपत्रानं मला पुसायचा, मग कोरड्यानं. त्याची बायको ताजबी दारात उभी राहून म्हणायची, "माझं तोंड कधी एवढं निरखून बघितलं न्हाय तुमी. काचंची मात्र रोज चाकरी!" मला हे ऐकायला फार आवडायचं.

त्यांना एकच मुलगी होती, इमामबी. सहा वर्षांची. शाळेला सुट्टी असली की ती बापाशेजारी बसून डोंगरावर यायची. शेवटच्या वळणावर बनाबाईचं नारळ-गुलालाचं दुकान होतं. तिथं टॅक्सी थांबली की इमामबी उडी मारून उतरायची आणि बनाबाई तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. एका पावसाळ्यात पोरीला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. त्यानंतर मीरासाब त्या वळणावर कधी थांबला नाही.

मग चैत्राची यात्रा आली. तुम्हाला ठाऊकच आहे, जोतिबाच्या यात्रेत पालखीवर गुलाल आणि खोबरं उधळतात. त्या गर्दीत कुणीतरी उंच पायरीवरून खोबऱ्याची अख्खी वाटी भिरकावली. ती आली ती थेट माझ्यावर. मीरासाबच्या डोळ्यांसमोर खालपासून वरपर्यंत एक तडा गेला. त्यात गुलाल शिरला आणि कितीही पुसला तरी निघाला नाही. टॅक्सीतले लोक मात्र हात जोडून म्हणाले, "पावणं, भाग्यवान हाय तुमी. देवाचा प्रसाद लागला गाडीला."

दोन दिवसांनी सयाजी आला. हा विम्याचा एजंट. मीरासाबला टॅक्सीचा पुरा विमा त्यानंच उतरवायला लावला होता. त्यानं तड्यावरून बोट फिरवलं.

"अरं, काळजी कशाला करतोस? एक पैसा लागायचा न्हाय. कंपनीचा साहेब येऊन बघून जाईल, की नवी काच बसलीच म्हण."

"आन् ही?" मीरासाबनं विचारलं.

"ही कंपनीची. नवी पायजे तर जुनी सोडाय लागती."

मीरासाबनं माझ्यावर हात ठेवला. "देवाचा प्रसाद हाय त्यो, सयाजी. प्रसाद कुणी टाकतंय व्हय?"

सयाजीनं तड्याला नमस्कार केला आणि तो निघून गेला.

पण खरं कारण प्रसाद नव्हतं. ते मला माहीत होतं, कारण मीरासाबचे डोळे कुठं थांबतात हे माझ्याइतकं कुणाला कळणार? यात्रेनंतरच्या पहिल्याच फेरीत, भर दुपारी, त्या शेवटच्या वळणावर त्याची नजर तड्यात अडकली. त्यानं करकचून ब्रेक दाबला. मागच्या लोकांची डोकी पुढं आपटली. मीरासाब पुटपुटला, "इमाम..."

मी सगळं अंग डोळे करून बघितलं. रस्ता रिकामा होता. ऊन होतं, कडेला एक शेळी होती, बास. मित्रांनो, मला त्या वेळी भीती वाटली. तो माझ्यातूनच बघत होता आणि मलाच काही दिसत नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. रस्त्याच्या मधोमध पिवळ्या झग्यात ती उभी असते, असं त्यानं ताजबीला सांगितलं. गाडी जवळ गेली की ती विरून जाते. सुरुवातीला तो ब्रेक दाबायचा. पुढं पुढं त्याला कळलं की थांबायची गरज नाही. तो नुसता हसायचा आणि टॅक्सी तशीच तिच्या अंगावरून पुढं न्यायचा. ते हसू मला अजून आठवतं. त्यात वाईट काही नव्हतं आणि तरी बघवत नव्हतं.

एकदा ताजबी मुद्दाम त्याच्याबरोबर आली. वळणावर टॅक्सी उभी करून ती त्याच्या जागेवर बसली. एक डोळा मिटून तिनं गाल माझ्यावर टेकवला. दुसरा डोळा तिनं तड्याला लावला. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

"मला का दिसत न्हाय ती?" तिनं विचारलं. "मी काय तिची आई न्हवं?"

मीरासाबनं तिच्या गालाचा माझ्यावर उमटलेला डाग बाहीनं पुसला.

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. डोंगरावर धुकं उतरलं होतं. ताजबी पुढं बसली होती, मागं कुणी नव्हतं. शेवटचं वळण आलं आणि रस्त्याच्या मधोमध एक मुलगी दिसली. मित्रांनो, या वेळी ती मलाही दिसली. तड्यात नव्हे, साऱ्या काचेत. तिच्या डोक्यावर पोत्याची खोळ होती आणि हातात नारळाची करवंटी. ती बनाबाईची नात होती. मीरासाब हसला. ब्रेकवर त्याचा पाय गेला नाही.

"अवो, पोरगी!" ताजबी किंचाळली.

मीरासाबनं वळून तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आनंदानं फुलून आला होता. "दिसली? तुलाबी दिसली?"

अंगावर काटा यावा असा तो आनंद होता. ताजबीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. टॅक्सी कडेच्या मातीच्या उतारावर चढली आणि बंद पडली. करवंटी रस्त्यावर गरगर फिरत राहिली. मुलगी जागच्या जागी उभी होती, तिला साधं खरचटलंही नव्हतं. बनाबाई दुकानातून धावत आली, तिनं नातीला पोटाशी धरलं आणि मीरासाबला म्हणाली, "तुझ्या पोरीला खोबरं दिलं रं मी. माझी पोरगी घेतोस व्हय?"

मीरासाबनं खाली उतरून तिचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून सयाजीकडे गेला.

पुढचं सगळं भराभर झालं. कंपनीचा साहेब आला, बघून मान डोलावून गेला. शहरातल्या काचवाल्यानं माझ्याभोवतीचं रबर सैल केलं आणि त्यानं नि मीरासाबनं मिळून मला उचलून दुकानापुढच्या भिंतीला टेकवलं. नवी काच बसली. इतकी नितळ, की जणू तिथं काही नाहीच. मला तिचा हेवा वाटला.

"बघ," सयाजी म्हणाला, "म्हणलं न्हवं, एक पैसा लागायचा न्हाय?"

"व्हय," मीरासाब म्हणाला. "फुकाट झालं."

तो टॅक्सीत बसला. शेजारी ताजबी बसली. दोघांनीही समोर बघितलं आणि टॅक्सी निघाली.

आणि तेव्हा, मित्रांनो, माझ्या तड्यातून कुणीतरी धावत गेलं.

पिवळा झगा होता. अनवाणी पाय. टॅक्सीच्या मागं ती कोपऱ्यापर्यंत धावली. काचवाला दारातच उभा होता, त्याला काही दिसलं नाही. कोपऱ्यावर ती थांबली. थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग सावकाश चालत परत आली आणि तड्याच्या कडेला उभी राहिली.

कंपनीनं मला कधी नेलंच नाही. मी अजून दुकानापुढच्या त्याच भिंतीला टेकून आहे. अंगावर धूळ बसली आहे, कोपऱ्यात कोळ्यानं घर केलं आहे. ती रोज येते. रस्त्यावरून काळी गाडी गेली की टाचा उंचावून बघते. काल तिनं मला विचारलं, "अब्बा कवा येणार?" आजवर मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मित्रांनो, काच तडकली तर ती वेळीच बदला. रस्त्यावर जिवंत लेकरं असतात. बनाबाईची नात आता शाळेत जाते, ते माझ्या जाण्यामुळंच. याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच करा. नवी काच बसली, गाडी सुरू झाली, की निघण्याआधी एकदा मागं वळून बघा. मीरासाबनं बघितलं नाही.