झाकणातल्या चिठ्ठ्या

"मूळ ट्रान्झिस्टर आता मिळत नाही, ते कळतं मला," साहेब म्हणाले. "तुम्ही काहीतरी जुळवा. शुक्रवारी तुम्ही रिटायर होताय, त्याआधी हा स्कोप चालू पाहिजे."

पाहिजे म्हणे. मेकॅनिकने झाकण उघडलं. विजेची लाट पडद्यावर दाखवणारं हे यंत्र त्याच्याहून चारच वर्षांनी लहान. त्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना कधीच बुडाला. झाकणाच्या आत अकरा पिवळ्या चिठ्ठ्या, सगळ्या त्याच्याच अक्षरातल्या: काय जळलं, त्या जागी काय बसवलं, का बसवलं.

ज्याच्या हाताखाली तो शिकला तो उस्ताद एक ओळ लिहीत नसे. डोक्यात ठेव, झाकणात नको, म्हणायचा. सत्तरी उलटली तरी त्याला घरी बसवायची कुणाची छाती झाली नाही. तो मेला आणि मेकॅनिकने दोन वर्षं नुसतं चाचपडत काढली. तेव्हाच ठरवलं, आपण लिहायचं.

लिहिलं, आणि त्याचं फळ मिळालं. मुदतवाढीचा अर्ज परत करताना साहेबांनी हसतच सांगितलं होतं की सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो कंत्राटदाराकडे गेलेत, आता हे काम कुणीही करेल. बायको घरी एवढंच म्हणाली, "स्वतःच्या हातानं लिहून दिलंत हो."

तीन दिवस तो भंगारातल्या बोर्डांवरचे ट्रान्झिस्टर, ते तीन पायांचे चिमुकले भाग, काढून मीटरवर मोजत बसला. अठ्ठेचाळिसावा जुळला, पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा. मधला पाय बाजूला वळवला, त्यावर प्लास्टिकची नळी चढवली, डाग दिले. पडद्यावर हिरवी रेघ आली. हलली नाही; यंत्र चालू झालं.

राहिली चिठ्ठी. नाही लिहिली तर? हा उडाला की कंत्राटदाराचा माणूस असलाच दुसरा आणून सरळ ठोकणार आणि अख्खा बोर्ड जाळणार. मग येतील साहेब दारात, तोंड वेंगाडून. चहाचे दोन कप संपेपर्यंत त्याने हे चित्र मनात घोळवलं. गोड होतं.

पण यंत्राने त्याचं काय घोडं मारलं होतं?

त्याने लिहिलं. पायांची आकृती काढली. खाली लाल शाईत: आधी पाय तपासा, मग बसवा.

गोंद वाळायच्या आत साहेबांनी मोबाईल काढून फोटो घेतला.

"अक्षर जरा मोठं काढायचं हो," ते म्हणाले. "वाचताना त्रास होतो लोकांना."

मेकॅनिकने झाकण लावलं आणि चारही स्क्रू नीट आवळले.