गाऱ्हाण्यातले सहा शब्द

बाबा देवासमोर घालतात त्या गाऱ्हाण्यात दोनशे अठरा शब्द होते आणि लोकांचे सतरा 'व्हय म्हाराजा'. गेल्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणावरून मी दोनदा मोजले. लांबी तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. त्याच्या आदल्या वर्षीचं माझ्या भावाच्या, सुदेशदादाच्या फोनमध्ये सापडलं. तेही तीन बेचाळीस.

"खंय घालतलंस?" बाबांनी विचारलं.

चौदाव्या मागण्यानंतर, मी सांगितलं. 'लेकराबाळांका सुखी ठेव' म्हणून झालं, लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, की तिथे सहाच शब्द घालायचे. माझ्या नातीक, तुळसाक, बोलती कर म्हाराजा.

तुळसा ओटीवरच होती. सुदेशदादाची मुलगी, सहा वर्षांची, आजीचं नाव ठेवलेली. काजूबियांची रांग लावत होती. मधली एक बी कुणी हलवली की ती सगळी रांग मोडते आणि पहिल्या बीपासून सुरू करते. बोलत नाही.

बाबा, सत्यवान, पंचायतीच्या नळपाणी योजनेचा पंप चालवायचे. एकतीस वर्षं सकाळी सहा दहाला. गावाचं सालाबादचं गाऱ्हाणं आमच्या घराण्याकडे आहे. आजोबांनी शिकवलं तसंच बाबा ते घालतात, त्यामुळे पंधराव्या ठिकाणी अजून मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्यांसाठी मागणं असतं. शेजारची हौसाबाई म्हणते, "गिरणी बंद पडान चाळीस वर्सां झाली, पण सत्यवानाच्या गाऱ्हाण्यात अजून भोंगो वाजता." बाबाही हसतात. बदलत नाहीत.

तुळसाचं निदान कोल्हापूरच्या डॉक्टरांनी केलं, स्वमग्नता. आमच्याकडे असां पोर कधी नव्हतां, हेही हौसाबाईच म्हणाली, शिरोड्यासून इलां तां. शिरोडं म्हणजे तिच्या आईचं, रसिकावहिनीचं माहेर. मी एमेस्सी झालेली, मला वाटलं आपण हे खोडू शकतो. अशा मुलांच्या जवळच्या नात्यात काही वेळा हीच लक्षणं सौम्य रूपात दिसतात, तो आजार नव्हे, असं मी वाचलं होतं. वहीत बाबांच्या सवयी लिहून वहिनीला दाखवल्या. ताटात भात नेहमी डावीकडे. लग्नघरात माणसं वाढली की मागच्या दारी जाऊन उभं राहणं. पंपाची वेळ. एकूण तेवीस नोंदी.

वहिनीने वही पूर्ण वाचली. "म्हणजे आता बाबांकडे बोट दाखवचां?" तिने विचारलं.

वही मी परत कपाटात ठेवली.

त्याच संध्याकाळी ती बाबांसमोर जाऊन बसली. "तुमच्या तोंडातसून तिचां नाव देवासमोर इलां की झालां, बाबा. ती बोलात, नायतर नाय. पण ती ह्या घरची, ह्यां लोकांका कळात."

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सांगतंय."

आठ दिवस आम्ही सराव केला. नुसते सहा शब्द ते स्वच्छ म्हणत. गाऱ्हाण्याच्या ओघात मात्र चौदाव्यानंतर सरळ गिरणीवर जात. मी हात वर करून थांबवलं की पुन्हा सुरुवातीच्या 'बा देवा म्हाराजा'पासून. कागदावर लिहून दिलं, तर कागद वाचताना पुढचंही विसरले. सातव्या दिवशी त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"पयल्यापासून म्हटलंय तर येता गो. मधी घुसाक वाट गावना नाय."

वहिनी दारात उभी होती. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, एवढंच ती बोलली.

"नको खंय म्हणतंय," बाबा म्हणाले.

सालाबादच्या दिवशी देवळात दीडशेक माणसं होती. बाबांनी नारळ हातात घेतला. तुळसा वहिनीच्या कडेवर, दोन्ही कानांवर हात ठेवून. मी खांबाला टेकून ध्वनिमुद्रण सुरू केलं. एकेक मागणं झालं, एकेक 'व्हय म्हाराजा' उठला. चौदाव्यानंतर बाबा थांबले. गिरणीवर गेले नाहीत. त्यांचा अंगठा नारळाच्या शेंडीवर फिरत राहिला. वहिनीचे ओठ ते सहा शब्द म्हणत होते, आवाज न करता.

मग बाबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मागे कुणीतरी हसलं, भोंगो अडाकलो वाटता म्हणालं. चौदाव्यानंतर ते पुन्हा थांबले. पुन्हा 'बा देवा म्हाराजा'. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. बाबांच्या मानेवरून घाम उतरत होता, डोळे देवावर होते आणि तोंड उघडं होतं. त्या शांततेला रसिकावहिनी एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर बाबांनी गिरणीतल्या चाकरमान्यांसाठी मागितलं आणि गाऱ्हाणं पुरं केलं.

घरी येऊन मी मोजलं. ध्वनिमुद्रण दहा मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. चौदाव्या 'व्हय म्हाराजा'नंतर बाबा गप्प होते ते पहिल्यांदा अकरा सेकंद, दुसऱ्यांदा सतरा, तिसऱ्यांदा एकतीस.