गंजीतली जीप

“तुमी कोणी इस्वास ठेवणार न्हाई, पण सतरा जणांना मी एकट्यानं पळवून लावलं!” मी म्हणालो.

“सतरा?” चहावाला बंकट म्हणाला. “काल तुमी अकरा म्हणत होते, तात्या.”

“काल मोजताना सहा बाभळीमागं होते.”

लोक हसले. मुंजाजी हसला नाही. तो खाली बसून आपल्या जीपच्या फुटलेल्या काचा घमेल्यात गोळा करत होता. ऊसतोडीची टोळी सकाळीच गावात परतली होती, आणि गाठोडी उतरवायच्या आधी सगळे इथं मुंजाजीच्या शेतावर धावले होते. जीप चार दगडांवर उभी होती. चाकं नव्हती, सीटा नव्हत्या, दोन्ही दारांच्या काचा फोडलेल्या.

मुंजाजीनं बावीस हंगाम कोयता धरला. त्यातून ही जुनी जीप झाली. हा हंगाम शेवटचा, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. पाडव्यापासून शिरूर ते बीड सवाऱ्या भरायच्या, आणि पोरीनं, योगितानं, दहावीचं वर्ष उसाच्या फडात न घालवता गावातच शाळेत बसायचं.

पण सहा महिने अर्धं गाव ओस. जीप ठेवायची कुठं? मागं कपिलधारला दर्शनाला गेला, तर उभ्या जीपची काच फोडून कोणी टेप नेला होता. तेव्हापासून त्याचा जीव त्या गाडीत अडकलेला. यंदा तोडीला जाताना बॅटरी काढून माझ्या पलंगाखाली ठेवली. स्टिअरिंगला साखळी घातली, साखळीला कुलूप. तरी चैन पडेना. मग त्यानं आणि त्याच्या बायकोनं, वनमालानं, दोन दिवस खपून जीपच्या चहूबाजूंनी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. बैल त्यांच्याबरोबर कारखान्यावर जाणार, तिथं उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, खाणार, म्हणून गेल्या साली राखलेला कडबा पडूनच होता. रस्त्यावरून बघणाऱ्याला कडब्याची गंज तेवढी दिसायची. माझं शेत आणि म्हशींचा गोठा शेजारीच.

“तात्या, ध्यान ठेवा,” एवढंच म्हणून तो ट्रकमध्ये चढला होता.

“पण गाडीच्या चोरांनी कडबा कशाला नेला?” बंकटनं विचारलं.

“आधी कडबाच नेला! दोन ट्रॅक्टर भरून. भर दुपारी. मी आडवा पडलो. एकाला अशी धडक दिली, बाभळीत जाऊन अडकला. त्याची चप्पल लई दिवस वर लोंबकळत होती.”

“दाखवा की.”

“माकडानं नेली.”

“चप्पल ऱ्हाऊ द्या!” वनमाला कडाडली. “चौकीत गेलतो आमी. तो हवालदार म्हणतो, गंजीत गाडी कोण ठेवतं बे? माझ्या नवऱ्याच्या तोंडावर हसला. बावीस वरसं आमी दुसऱ्याचा ऊस तोडला, त्याला हसू येतंय! आन् पोरीला काय सांगू? चल परत फडात?”

योगिता जीपच्या पलीकडं उभी होती. तिनं मान वळवली.

माझं डोकं भणाणलं. चोरांचा राग आला, हवालदाराचा आला, यंदा न पडलेल्या पावसाचा आला. मी काठी आपटली. “हरामखोर! गरिबाच्या पोटावर पाय देतात! त्या सतरातला एक जरी मला दिसला ना, त्याला ह्याच दगडावर—”

“तात्या.”

मुंजाजी उठला होता. आवाज चढलेला नव्हता.

“तुमच्या गोठ्यात हिरव्या चिंध्या पडल्यात. सकाळी बॅटरी आणाय गेलतो, तवा बघितल्या. वनमालाच्या लुगड्याच्या हायत. आमी पेंढ्या त्याच्यानंच बांधल्यात्या.”

“पण ते सतरा जण—” मी म्हणालो.

“सतरा न्हाई, अकरा न्हाई. कडबा कोणी नेलाच न्हाई, तात्या. तुमच्या म्हशींनी खाल्ला. गंज सरली आन् जीप उघडी पडली. म्हशी उपाशी मारा, असं म्हणलो असतो का मी? एक फोन करायचा. घाला कडबा, म्हणलो असतो. आन् गाडी हलवाय कारखान्यावरून चालत आलो असतो.”