मेंबरबाईंची शिडी

मित्रांनो, स्वतः कुठे जायचं नाही, भिंतीला टेकून दुसऱ्यांना वर पाठवायचं, असं ज्यांचं आयुष्य असतं त्यांपैकी मी एक. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. सध्या घरामागच्या नळाजवळ आडवी पडलेली असते. माझा एक दांडा कायम ओल्यात असतो, आणि खालच्या पायरीत मुंग्यांनी बस्तान बसवलं आहे. माझी कहाणी सांग म्हणून कोणी मागे लागलेलं नाही. तरी सांगते, कारण पडून राहिलं की माणसाला काय आणि शिडीला काय, जुनंच आठवत राहतं.

माझा जन्म एका चिडक्या सुताराच्या हातून झाला. लाकूड निवडताना तो दुकानदाराशी भांडला, आणि पायऱ्या ठोकताना स्वतःशी. पण काम चोख. मला घ्यायला आलेला रंगारी तेव्हा तरुण होता, नुकतंच लग्न झालेलं. सुताराने त्याला बजावलं, "हिच्यावर रंग सांडू नकोस." रंगाऱ्याने मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी पांढऱ्या रंगाचा अख्खा डबा माझ्या अंगावर उपडा केला. पुढे तर मोजदादच राहिली नाही. शाळेचा पिवळा, दवाखान्याचा हिरवा, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा गुलाबी, असे गावातल्या सगळ्या भिंतींचे शिंतोडे माझ्यावर जमले. रंगारी लोकांना कौतुकाने सांगायचा, "माझी शिडी हलत नाही हं!" ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

रंगाऱ्याची बायको घरी शिवणकाम करायची. त्यांच्या गल्लीतला दिवा बंद पडला होता. नगरपालिकेचा वायरमन 'आज येतो, उद्या येतो' करत होता आणि लोक अंधारात ठेचकाळत होते. एका संध्याकाळी बाईंनी बल्ब विकत आणला, मला खांद्यावर घेतलं आणि निघाल्या. रंगारी मागे धावला.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दिवा लागला."

आणि दिवा लागला. दुसऱ्या गल्लीतले लोक आले, मग तिसऱ्या गल्लीतले. पुढच्या निवडणुकीत सगळ्यांनी त्यांना आग्रहाने उभं केलं आणि वॉर्डातून निवडूनही दिलं. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या मेंबरबाई झाल्या. सभेत त्या फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी नगरपालिकेकडे बल्बचं खोकं मागून घेतलं आणि ते स्वतःच लावत सुटल्या. संध्याकाळी आमची फेरी निघायची. पुढचं टोक बाईंच्या खांद्यावर, मागचं रंगाऱ्याच्या. बाई वर चढायच्या, आणि रंगारी माझ्या खालच्या पायरीवर पाय रोवून उभा राहायचा. "काय मालक, बायको वर आणि तुम्ही खाली?" असं कोपऱ्यावरचा न्हावी रोज विचारायचा, आणि रंगारी रोज तितकंच मोठ्याने हसायचा. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं.

पण मित्रांनो, वॉर्डाच्या कडेने, गटाराच्या पलीकडून, एक मोठा रस्ता जातो. तो वॉर्डाचा नाही, जिल्ह्याचा. त्यावर दिव्यांचे उंच खांब आहेत आणि दिवे कित्येक वर्षं बंद आहेत. बाईंनी मला एकदा त्या खांबाला टेकवून पाहिलं. मी अर्ध्यातच संपले. शिवाय तिथे नुसता बल्ब बदलून भागणार नव्हतं. जमिनीखालची तारच मेलेली होती. बाई जिल्हा मंडळाच्या कचेरीत खेटे घालून दमल्या. तिथला साहेब म्हणाला, "तुमचा वॉर्ड गटारापाशी संपतो ना? मग गटाराच्या अलीकडचं बघा."

त्याच हिवाळ्यात पोस्टमनला त्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. जीव वाचला, पण सायकल कायमची सुटली. आणि गटाराच्या अगदी अलीकडच्या घरात राहणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशींची पोर त्याच रस्त्याने घरी यायची. ती पट्ट्या-बँडेजच्या कारखान्यात कामाला होती. सुटायची तेव्हा अंधार पडलेला असायचा. ती येईपर्यंत मावशी दारातल्या खांबाखाली उभ्या असायच्या. त्यांचं एक लक्ष इस्त्रीकडे आणि एक रस्त्याकडे.

शेवटी बाईंनी ठरवलं, जिल्हा मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं. नियम असा होता की जिल्ह्याला उभं राहायचं तर वॉर्डाची जागा आधी सोडावी लागते. रंगारी म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस." बाई म्हणाल्या, "हातचं गटारापर्यंतच पोचतं." त्यांनी वॉर्डात सभा घेतली आणि स्पष्ट सांगितलं, "मी राजीनामा दिलाय. पडले तर मी परत मेंबर नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी तर डोळे पुसले.

मग माझी वरात निघाली. आसपासच्या गावांमधून पत्रकं चिकटवत, फलक बांधत मी इतकी फिरले की माझ्या पायऱ्या कुरकुरायला लागल्या. समोर एक गाड्यांचा मालक उभा होता. त्याचे फलक माझ्या डोक्यापेक्षा उंच लागत. बाईंच्या पत्रकावर एकच ओळ होती, 'मोठ्या रस्त्यावर दिवे'. अनोळखी लोक ती वाचून थांबायचे, चहा विचारायचे, आपल्याकडच्या अंधाराबद्दल बोलायचे. मतदान जवळ आलं तेव्हा रंगारी म्हणाला, "आपल्या वॉर्डात फिरायचं राहिलंय."

"घरच्या माणसांकडे काय मतं मागायची?" बाई म्हणाल्या.

बाई पडल्या. परक्या गावांनी भरभरून दिलं होतं. घात झाला तो स्वतःच्याच वॉर्डात. रंगाऱ्याने घरी येऊन टोपी काढली, ती हातात घेऊन तो बराच वेळ माझ्याशेजारी उभा राहिला. बाई आत मशीन चालवत होत्या. गल्लीतले लोक मात्र काही दुखवट्यात वाटत नव्हते. उलट जाता-येता हसून बोलत होते. मला तर काही उमजेना.

उमजलं ते मावशींच्या दारातला बल्ब गेला त्या संध्याकाळी. मावशी नेहमीसारख्या हाक मारत आल्या.

"मेंबरबाई, दिवा गेला हो आमचा."

"मी आता मेंबर नाही, मावशी."

"असं कसं? जिल्ह्याला पडलात म्हणजे आमच्याच राहिलात की." मावशी जवळ आल्या आणि लाडाने हळूच म्हणाल्या, "आम्ही ठरवूनच केलं ते. तुम्ही तिकडे गेलात तर आमचे दिवे कोण बघणार? न्हाव्याने सुचवलं, सगळ्यांना पटलं. कोणी मत दिलंच नाही, कोणी त्या गाडीवाल्याला दिलं. तुमच्यावर जीव आहे हो आमचा."

बाईंनी माझा दांडा धरला. त्यांचा हात मला इतका जड कधीच लागला नव्हता.

"मी सभेत सांगितलं होतं. राजीनामा दिलाय म्हणून."

"ते खरं होतं?" मावशींचं हसू अर्धवट राहिलं. "आम्हाला वाटलं, भाषणात म्हणतात तसं असतं ते."

"मावशी, तुमची पोर कुठल्या रस्त्याने येते?"

तेलही गेलं, तूपही गेलं, ही म्हण मी लोकांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहे. ती मावशींच्या चेहऱ्यावर उमटताना त्या दिवशी पाहिली. मला मावशींचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

बाईंनी घरातल्या न्हाणीघरातला बल्ब काढला आणि मला उचललं. मावशींच्या दारात त्यांनी मला खांबाला टेकवलं. रंगाऱ्याने पाय रोवला, बाई वर चढल्या. मावशी खालून म्हणाल्या, "जरा मोठा लावता आला असता तर रस्त्यापर्यंत उजेड गेला असता." बल्ब लागला. उजेड गटारापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. पलीकडे गाड्यांचे आवाज तेवढे येत होते. बाई खाली उतरेनात.

"उतर आता," रंगारी म्हणाला.

"थांबा. पोर येतेय का बघते."

आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. शेवटी गटाराच्या अलीकडे पोरीची चप्पल दिसली, मग पोर दिसली. तेव्हा बाई उतरल्या. त्यानंतर मला कोणी उभं केलेलं नाही.

वॉर्डाच्या रिकाम्या जागेवर न्हाव्याचा मेहुणा निवडून आला. त्याने पहिल्याच सभेत ठराव करून घेतला की खाजगी माणसाने खांबाला हात लावायचा नाही. वायरमन पुन्हा 'आज येतो, उद्या येतो' करू लागला. एकेक गल्ली अंधारात गेली. गाड्यांचा मालक जिल्ह्याला गेला तो गेलाच. रंगाऱ्याचे गुडघे धरले आहेत, तो आता रंगकाम घेत नाही. बाई शिवणकाम करतात. लोक कपडे टाकायला येतात, माप देतात, आणि मान खाली घालून परत जातात. बाई कोणाला उणा शब्द बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

मित्रांनो, माझं काय, लाकडाचं व्हायचं ते होईल. मला सावलीत ठेवा, तेलपाणी करा, असं आता मी म्हणणार नाही. पण तुमच्यासाठी कोणी वर चढत असेल, तर त्याला आपल्याजवळ ठेवून घ्यायच्या लोभाने खाली ओढू नका. आणि तो काही सांगत असेल तर टाळ्या वाजवण्याआधी नीट ऐका. आमच्या वॉर्डाला हे आता कळलं आहे, पण कळून उजेड पडत नाही. मावशींच्या दारातला तो बल्बही गेला. त्या रोज संध्याकाळी काळोखात उभ्या राहतात आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने पोरीच्या नावाने हाका मारत राहतात, म्हणजे आवाजावरून तरी तिला घर सापडेल.