विषाची म्हणतात ती कढई

मित्रांनो, मोंतारेलच्या किल्ल्यातल्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या आकड्याला एक जुनी तांब्याची कढई टांगलेली आहे. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवता आणि मग ते बोट चटकन मागे घेता. ती कढई मी! चारशे वर्षांहून अधिक काळ मी गप्प बसले. पण या आठवड्यात जे घडले ते पोटात ठेवले तर माझ्या कड्या निखळून पडतील.

माझ्या डोक्यावर पितळी पाटी होती: 'विषराणी जिनेव्राची कढई'. या कढईत राणीने विष कालवले आणि सख्ख्या दिराला मारले, असे सांगत सोलांजबाई रोज पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करायच्या. गेली तीस वर्षे त्या हा किल्ला दाखवत आहेत. गोष्ट अशी रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याचा घसा कोरडा पडावा. त्यांचा तरी काय दोष? त्यांना त्यांच्या आजीने तेच सांगितले होते, आणि आजीला तिच्या आजीने. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले.

पण मला सगळे ठाऊक आहे. मी तिथे होते.

माझा जन्म इटलीतला. एका तांबटाने तांब्याच्या जाड पत्र्यावर तीन दिवस हातोडी चालवली आणि मला आकार दिला. पसरट तोंड, खोल पोट, दोन बाजूंना दोन दणकट कड्या. दुकानातल्या बाकीच्या भांड्यांना आतून कल्हई लागली, चांदीसारखी झाक आली. मला मात्र आतबाहेर नुसते तांबेच. मला वाईट वाटले, पण तांबट म्हणाला, "तू मुरंब्याची. पाकाच्या धगीला कल्हई टिकत नाही." मुरंब्याच्या कढईचा नियम पोरासोरांनाही पाठ असे. साखर घालून शिजवायचे, शिजले की लगेच काढायचे, आणि नुसते आंबट हिच्यात कधी ठेवायचे नाही. ठेवले तर ते कळकते. तांब्याला हिरवा कळक चढतो आणि तो पोटात गेला की माणसाची धडगत नसते. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

जिनेव्रा सतरा वर्षांची असताना या डोंगराळ मुलखाच्या राजाशी तिचे लग्न ठरले. ती खेचरावर बसून खिंड ओलांडून आली आणि तिच्या मागच्या खेचरावर मी आले. सासरच्यांनी पहिल्याच दिवशी तिला नावे ठेवली. जेवताना तिने काटा काढला, तर पंगतीत कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "का हो, इटलीत माणसांना बोटं फुटत नाहीत वाटतं?" सगळे हसले. तीही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग तेही तिला लागले. राणीने एवढ्या मोठ्याने हसायचे नसते म्हणे.

त्या शरद ऋतूत तिने मला पहिल्यांदा चुलीवर चढवले. या डोंगरात बिहीची झाडे खूप; सफरचंदासारखे पिवळे, आंबट-तुरट फळ ते. बिही कच्ची खाल तर तोंड वाकडे होईल, दात आंबतील. पण साखरेत मंद आचेवर दोन तास ढवळा, ती पिवळी फोड हळूहळू गुलाबी होते आणि मग लालबुंद. काय सांगू तुम्हाला त्या वासाबद्दल! गार्सेंद नावाची इथली जुनी आचारीण नाक मुरडून दारात उभी होती. तिने बोट भरून चाखले आणि म्हणाली, "बाईसाहेब, शिकवा मला." त्या दिवसापासून माझी देखभाल गार्सेंदकडे आली. रोज रेतीने आणि राखेने ती मला घासायची. ते माझे सोन्याचे दिवस!

सात वर्षांनी राजा तापाने गेला. मुलगा पाच वर्षांचा. राज्य जिनेव्राच्या हाती आले. ती काही देवता नव्हती, मी खोटे कशाला बोलू? तिने मिठावरचा कर वाढवला, दोन सरदारांना देशोधडीला लावले, आणि रागाच्या भरात एकदा मुरंब्याचा डाव माझ्या अंगावर आपटला. त्याचा पोचा अजून माझ्या कुशीत आहे. पण तिचे पोरावर जिवापाड प्रेम होते, आणि गादीवर डोळा ठेवून बसला होता तो तिचा दीर, बेर्त्रां.

नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाच्या जेवणाला बेर्त्रां दोन दिवस आधीच आला, तो स्वतःचा आचारी घेऊन. गिलेम त्याचे नाव. सपाट मैदानातला, या स्वयंपाकघरात नवखा माणूस. बेर्त्रांने स्वयंपाकघराच्या दाराला हुकूम चिकटवला: 'माझ्या ताटाला गिलेमशिवाय कुणी हात लावायचा नाही. राणीच्या माणसांनी आत यायचे नाही.'

"भावोजी, माझ्या हातचं एवढं वाईट का?" राणीने दारातूनच विचारले.

"वहिनीसाहेब, हाताचं नाही हो, हेतूचं भय वाटतं," बेर्त्रां म्हणाला. पहारेकरी फिदीफिदी हसले.

गिलेमला सशाचे मांस व्हिनेगरमध्ये मुरत ठेवायचे होते. तो भांडे शोधू लागला आणि त्याची नजर माझ्यावर गेली. मी त्या दिवशी लखलखत होते, हाच माझा गुन्हा. त्याने मला उतरवले तशी बाहेरून गार्सेंद ओरडली, "अहो, ती नको! दुसरं कुठलंही घ्या, ती कढई घेऊ नका!"

बेर्त्रांचे डोळे चमकले. "ऐकलंस गिलेम? दुसरं कुठलंही घे म्हणते. म्हणजे विष त्या बाकीच्यांना फासलंय. हीच एक स्वच्छ आहे, म्हणून हिला आपल्यापासून लपवतायत. हीच घे!"

"सरकार, ती मुरंब्याची..." गार्सेंदचे वाक्य पुरे झाले नाही. पहारेकऱ्याने तिला ढकलून दार लावून घेतले.

मित्रांनो, मला तोंड आहे पण वाचा नाही. व्हिनेगर माझ्या पोटात ओतले गेले. सणाच्या दिवसापर्यंत ते तिथेच होते. मला माझ्या अंगातून हिरवे सुटताना जाणवत होते आणि मी काही करू शकत नव्हते. गिलेमने मग त्यात लवंग, दालचिनी, मिरी आणि दारू एवढी घातली की चव कुणाला कळणार? बेर्त्रांने तीनदा मागून खाल्ले. दारूने त्याचे यकृत आधीच पोखरलेले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

राणीने दिराला विष दिले, ही बातमी त्याच्या प्रेतापेक्षा आधी गावात पोचली.

गार्सेंदने मला उचलले, माझ्या तळाशी वाळलेला हिरवा कळक पाहिला, आणि मला शालीखाली घेऊन थेट राणीकडे धावली. मी तर आनंदाने खुळखुळत होते. आता सुटका!

"बाईसाहेब, दरबारात दाखवा हे! त्यांच्याच आचाऱ्याची करणी. तुमच्यावरचा बट्टा आत्ता पुसला जाईल!"

राणीने माझ्यात बोट फिरवले. मग तिने खिडकीतून खाली पाहिले.

"हे दाखवलं तर काय होईल, गार्सेंद?"

"काय होईल म्हणजे? तुम्ही सुटाल!"

"आणि गिलेमला चौकात टांगतील. त्याची बायको खाली पायरीवर बसून रडतेय. पाहिलंस का?"

"मग तुमच्या नावाचं काय?"

"माझं नाव मी पहिल्या पंगतीत जेवायचा काटा काढला तेव्हाच गेलं." राणी हसली, तिचे ते मोठे हसू. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू? लोक मला घाबरले तर माझ्या पोराच्या ताटाकडे कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही. विषारी सापाच्या बिळात हात कोण घालतो?"

तिने स्वतःच्या हातांनी मीठ आणि राख घेऊन मला घासले. कळकाचा कण न कण काढला. ती दयेने गप्प राहिली की धूर्तपणाने, हे मला आजवर उलगडलेले नाही. दोन्ही असेल. पण तिचा मुलगा मोठा झाला, चाळीस वर्षे राज्य केले आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. गिलेमला तिने इथेच ठेवले. तो वीस वर्षे माझ्यात बिहीचा मुरंबा ढवळत राहिला आणि राणी आली की मान वर करत नसे. ते सगळे गेले. माझी चूल विझली. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मी आकड्यावरून रोज ऐकत राहिले, आणि चोर तर मीच!

आता ऐका या आठवड्यातले. सेंट मार्टिनच्या बाजाराला फिर्मांकाका कल्हईवाले आपला भाता घेऊन डोंगरातल्या गावांतून फिरत आले. किल्ल्याच्या कचेरीने सोलांजबाईंना सांगितले होते की भिंतीवरच्या सगळ्या भांड्यांना आतून कल्हई करून घ्या, म्हणजे चमकतील. कल्हईखाली माझे उघडे तांबे एकदा झाकले गेले की संपले! जिनेव्राच्या बाजूने बोलणारी जगात उरलेली एकच साक्ष म्हणजे माझी ही आतली कातडी. तीच पुसली जाणार होती.

एकेक पातेले भट्टीवर गेले. कथील वितळले, कापूस फिरला, चर्र आवाज झाला. मग काकांनी मला उचलले, उजेडाकडे धरले आणि आत नख घासले.

"ही नाही करणार," ते म्हणाले.

"का हो काका? दमलात?" सोलांजबाईंनी विचारले.

"दमतोय कशाला! मुरंब्याची आहे ही. हिला जन्मापासून कल्हई नाही. माझ्या आजीने मला हिला कल्हई लावताना पाहिलं असतं ना, तर चिमट्याने कान उपटला असता."

"छे! यात राणी विष करायची."

"यात विष करायला राणी कशाला पाहिजे बाई? सशाला व्हिनेगर लावून दोन दिवस ठेवा यात. आपोआप होतं."

काका सहज बोलून गेले. आमच्याकडे ससा असाच करतात, म्हणून त्यांच्या तोंडून ससाच निघाला. पण सोलांजबाईंना काहीतरी आठवले. त्या धावत बाहेरच्या दालनात गेल्या. तिथे काचेखाली दोन कागद आहेत. एक बेर्त्रांचा दारावरचा हुकूम. तो किती भ्यायला होता याचा पुरावा म्हणून त्या तीस वर्षे तो वाचून दाखवत होत्या. दुसरी त्याच्या वैद्याची चिठ्ठी: 'सणाला आंबवलेला ससा, गिलेमच्या हातचा. हिरवट ओकारी.' त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"काका, गिलेम त्याचा स्वतःचा आचारी होता. राणीच्या एकाही माणसाला आत येऊ दिलं नव्हतं."

"मग सांगणार कोण होतं त्याला, ही कढई कसली ते?" काका म्हणाले आणि मला आकड्यावर अडकवू लागले.

"थांबा, अडकवू नका," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे बिही आहेत ना बाजारात?"

मित्रांनो, काल माझ्या बुडाखाली पुन्हा जाळ पेटला! दरीतल्या शाळेची वीस मुले भोवती उभी होती. काकांनी मला आधी लिंबूमिठाने घासघासून लख्ख केले होते. बिही शिजल्या, गुलाबी झाल्या, लाल झाल्या, तोच वास घुमला. पण डाव पुढे केला तशी सगळी मुले दोन पावले मागे सरली.

"ही विषाची आहे," एक मुलगी हळूच म्हणाली. "तुम्हीच मागच्या वर्षी सांगितलंत, बाई."

"हो, सांगितलं," सोलांजबाई म्हणाल्या. "मी चुकले होते. तीस वर्षं चुकत होते. मीच आधी खाते."

त्यांनी खाल्ले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी तर उकळायचे थांबले! मग ती मुलगी पुढे आली, बोट बुडवले, चाटले.

"अजून द्या ना," ती म्हणाली.

मग काय विचारता! माझ्या तळाला चिकटलेलेही त्यांनी खरवडून खाल्ले. चारशे वर्षांनी मी पुन्हा रिकामी झाले, ती अशी.

मुले गेल्यावर बाईंनी फिर्मांकाकांच्या पकडीने ती पितळी पाटी काढली. कचेरीतले लोक कुरकुरतील, पाहुण्यांना विषच हवे असते. कुरकुरू देत. मित्रांनो, तुमच्या घरी तांब्यापितळेची भांडी असतील तर त्यांना घासत जा, कल्हई लावत जा, आणि कुणी दारातून ओरडून काही सांगत असेल तर दार लावण्याआधी तिचे वाक्य पुरे ऐकून घ्या. मी एवढेच मागते. पाटीच्या जागी बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे. गार्सेंदला जे ओरडून सांगायचे होते, ते अखेर माझ्या डोक्यावर लिहिलेले आहे:

'ही राणी जिनेव्राची मुरंब्याची कढई. हिच्यात आंबट ठेवू नये.'